भरतीची उपमा
ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. नायगावच्या खाडीतल्या गाळाचा वास आला, की मी विषयच बदलतो. पन्नासच्या दशकात मी वसईच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. त्या दिवशी एका कवितेचं रसग्रहण चाललं होतं. तीत भरतीला घरी परतणाऱ्या आईची उपमा होती. खाडीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी उठून म्हणाली, “गुर्जी, उपमा खोटी हाय. भरतीचं पानी बांध फोडून येतं.” “रसग्रहण विचारलंय, बांधाची तक्रार नाही,” मी म्हणालो. वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. फुटलेल्या बांधाचं भगदाड बुजवताना तिची आई त्याच पावसाळ्यात वाहून गेली होती, हे मला नंतर कळलं. मुलीला परत आणायला मी तिच्या गावात गेलो. बांधाच्या कामाला दर घरातून एक माणूस लागायचं. आईच्या जागी ती गाळाची टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. खालमानेनं म्हणाली, “चुकलं गुर्जी. भरती आईसारखीच येते.” मी नुसतं “शाळेत ये” म्हणालो. “चूक माझी होती, बाळ,” हे पुढचं वाक्य अजून माझ्याकडेच आहे.