आफ्रिकेच्या शिकारीची तालीम, व्हाया हुफूफ

आफ्रिकेत शिकारीला जायचं, हे मी गाडीखाली उताणा पडलेलो असताना ठरलं. रियाधच्या अल मलाझ भागात मी एका गॅरेजात मेकॅनिक होतो. गॅरेजचा मालक आणि माझा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, अबू फहद दर दोनेक वर्षांनी टांझानियाला शिकारीला जायचा. आदल्या खेपेला त्याची जीप तिथल्या चिखलात जी बसली ती बसलीच, आणि शिकारीचे निम्मे दिवस स्पेअर पार्टची वाट बघण्यात गेले. म्हणून या खेपेला स्वतःचा मेकॅनिक सोबत न्यायचं त्याने मनावर घेतलं होतं.

"येतोस का?" त्याने वरून विचारलं.

"येतो. पण मुलीला घेऊन येईन," मी खालून म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला सांगता येणार नाही. अबू फहदने वाकून गाडीखाली डोकावलं. "बिंत?" त्याने खात्री करून घेतली. मी म्हटलं, हो, बिंत. त्याने दाढी खाजवली आणि म्हणाला, "माझ्या बायको-मुलीही येणार आहेतच. यल्ला, आण तिलाही."

आता माझ्या मुलीविषयी सांगतो. झीनत तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. ती दोन वर्षांची असताना मी श्रीवर्धनजवळचं गाव सोडून सौदीला आलो. आधी तबूकला बांधकामाच्या कॅम्पमध्ये, मग रियाधला. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जायचं, पोरीला फ्रॉक आणि चॉकलेटं द्यायची, ती जरा माझ्याजवळ यायला लागली की परत निघायचं. फॅमिली व्हिसा मिळून बायको-मुलं रियाधला आली, तेव्हा माझ्या घरात एक उंच मुलगी राहायला आली होती, मी मराठीत विचारलं की ती हिंदीत नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि उत्तर बहुतेक वेळा "फाइन, अब्बा" एवढंच असायचं. आमच्या दोघांत बोलायला काहीतरी विषय हवा होता. मला हत्ती-सिंहांपेक्षा लहान विषय सुचला नाही, त्याला काय करणार!

शिकार पुढच्या वर्षी तिच्या परीक्षेनंतर, एप्रिलात ठरली. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी बायको मैमुना धाकट्याला घेऊन आजारी आईकडे गावी गेली. दहावीचे जादा तास होते म्हणून झीनत माझ्यापाशी राहिली. आणि ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. मैमुना तिकडेच अडकली, आम्ही बाप-लेक इकडे. दर शुक्रवारी मी फोन लावायचो आणि ती एकच सांगायची, "पोरीला पाठवून द्या. तुमची लढाई तुम्ही बघा, पोर माझी हाय."

डिसेंबर उजाडला तेव्हा कुठे मी तिचं ऐकलं. झीनतचं मुंबईचं तिकीट काढलं. परीक्षा मामाकडे राहून देता येईल, अशी सोय शाळेने करून दिली. आता फक्त एक गोष्ट उरली होती, झीनतला सांगायची. ते काही जमेना. सकाळी म्हणायचो संध्याकाळी सांगू, संध्याकाळी म्हणायचो पोरगी अभ्यास करतेय. शेवटी अबू फहद म्हणाला, हुफूफच्या पलीकडे माझा मळा आहे, तिथे चला, आफ्रिकेची तालीम करू. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, वाटेत सांगू.

तुमच्यापैकी कुणी मुलाला घेऊन पहिल्यांदा आफ्रिकेत शिकारीला जायचं मनात घेतलं असेल, तर तयारीचं थोडं सांगतो. पिवळ्या तापाचं इंजेक्शन आधी टोचून घ्या, दंड दोन दिवस दुखतो. बूट नवे नकोत, घरात घालून मुरवलेले हवेत. झीनत ते घालून भूगोल पाठ करायची आणि खालचे इजिप्शियन शेजारी छताला काठी ठोकायचे. आमच्या वेळी एक्झिट री-एंट्री व्हिसासाठी कफीलचे उंबरठे झिजवावे लागत. माझा कफीलच सोबत येणार होता म्हणून मी सुटलो.

आम्हा कोकणी मुसलमानांची आणखी एक तयारी असते, ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडायची नाही. जे खाता येत नाही ते मारायचं नाही, असं आमच्यात मानतात. त्यामुळे आमचे मित्र दाऊदभाई, रत्नागिरीचे शिंपी, रोज संध्याकाळी चहाला येऊन आफ्रिकेतल्या एकेका जनावराचा निकाल लावायचे. सिंह बाद. बिबट्या बाद. सुळेवालं रानडुक्कर तर नावही काढू नका. मगर बाद. हरणं झाडून सगळी पास. झेब्र्यावर दोन संध्याकाळी गेल्या.

"गाढवाच्या जातीचा दिसतो," दाऊदभाई म्हणाले.

"अंकल, रानगाढव चलता है, पालतू नहीं चलता," झीनत पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "झेब्रा पालतू थोडी है?"

दाऊदभाईंनी कप खाली ठेवून मान डोलावली. झेब्रा पास झाला.

कपडे मी रियाधमधल्या बत्हाच्या बाजारातून घेतले. शिकारीला मातकट रंग लागतो, एवढं ऐकून होतो. दुकानदाराने दोघांनाही एकाच ठाणातले शर्ट-पँट दिले, भरपूर खिशांचे, भरपूर स्वस्त. त्या दिवसांत तो रंग इतका स्वस्त का झाला होता, हा विचार मला शिवला नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. झीनतने वरून अबाया घातला होता, मी मात्र नखशिखांत शिकारी. कफीलचं शिक्क्याचं पत्र खिशात, कारण त्याशिवाय आम्हाला शहराबाहेर पडता येत नसे. रियाध ते हुफूफ रस्ता सरळ, गुळगुळीत, एरवी तीन-साडेतीन तासांचा. पेट्रोलचा खर्च धरूच नका, तेव्हा पाणी त्याहून महाग होतं. थर्मासात चहा आणि डब्यात खिमा-पाव असला की झालं. फक्त उंटांना जपा.

त्या डिसेंबरात उंटांपेक्षा रणगाडे जास्त होते. लांबलचक ट्रकांवर ताडपत्री बांधलेले, एकामागून एक, पूर्वेकडे चाललेले. मी घसा खाकरला. म्हटलं, आता विषय निघालाच आहे, तिकिटाचं सांगून टाकू. तेवढ्यात झीनत सीटवर गुडघे टेकून उभीच राहिली.

"अब्बा, देखो! लडकी चला रही है!"

खरंच. अमेरिकन फौजेच्या एका ट्रकवर हेल्मेट घातलेली एक गोरी मुलगी बसली होती आणि ट्रक चालवत होती. बाईला गाडी चालवायची मुभा नसलेल्या मुलखात हे दृश्य! झीनतने हात केला. तिनेही हात केला. मग पुढचे कितीतरी मैल झीनत बोलत राहिली. ट्रकला किती गिअर असतात, क्लच जड असतो का, तुम्ही रणगाडा दुरुस्त कराल का. दोन वर्षांत ती माझ्याशी एवढी बोलली नव्हती. त्यात मी तिकिटाचा विषय कसा काढणार?

चेकपोस्टवर पोरगेल्या सैनिकाने माझे कपडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कुठली फौज?" त्याने विचारलं.

"फौज नाही, मेकॅनिक."

"चाललास कुठे?"

"शिकारीला."

त्याने रस्त्यावरच्या रणगाड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या जोडीदाराला हाक मारली. दोघं पोट धरून हसले. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पाहिला, पत्र पाहिलं आणि "जा बाबा" असा हात हलवला. झीनत पुढचा अर्धा तास अबायात तोंड खुपसून हसत होती. मातकट रंग का स्वस्त होता ते मला तिथे कळलं.

हुफूफ जवळ आलं की वाळू संपते आणि खजुरीची झाडं सुरू होतात, ती संपतच नाहीत. कोकणातल्या माणसाला हिरवं दिसलं की बरं वाटतं, बाकी कारण लागत नाही. अबू फहदच्या मळ्यावर जेवायला बकऱ्याचं मटण आणि तिथलाच लाल भात होता, थेट आपल्याकडच्या लाल तांदळाचा भाऊ. मी तीनदा घेतला. कधी गेलात तर हॉटेलात पांढऱ्या भातावर समाधान मानू नका, हा भात मागा. झीनत आत बायकांत जेवली आणि बाहेर आली तेव्हा अबू फहदच्या मुलींच्या गळ्यात गळा घालून आली.

दुपारी दोन गाड्या वाळवंटात निघाल्या. बंदूक नव्हती. जागोजागी तपासणी चालू असताना बंदूक बाळगण्यात शहाणपण नाही, म्हणून अबू फहदने ती घरीच ठेवली होती. शिकार करणार होती त्याची सलूकी जातीची शिकारी कुत्री, सगळ्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी सडपातळ. पाहुणा म्हणून मान माझा. "बिस्मिल्ला म्हण आणि सोड," अबू फहद म्हणाला. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि सोडली. वाळूवर एक ठिपका पळाला, त्याच्यामागे एक रेघ पळाली, आणि आम्ही पोहोचलो तोवर कुत्रीने ससा दाबून धरला होता. ससा जिवंत होता.

इथे नियम साधा आहे. जनावर जिवंत हाती लागलं तर ते रीतीने हलाल करायचं, आणि ज्याने कुत्रा सोडला त्यानेच ते करावं, ही अबू फहदची पद्धत. त्याने सुरी माझ्या हातात दिली.

मी खाली बसलो. सशाचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. मी उभ्या आयुष्यात इंजिनं उघडली आहेत, पण बकरी ईदला सुरी कायम माझ्या थोरल्या भावाने धरली. मी सुरी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली, तेव्हा अबू फहदने सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं.

"अब्बा, इधर दो."

झीनत माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने अबायाच्या बाह्या वर सारल्या, अंगठ्याने सुरीची धार पाहिली, सशाचे कान मागे धरले, बिस्मिल्ला म्हणाली आणि हाताच्या एका फटक्यात काम केलं. सशाला त्रास असा झालाच नाही.

"तू हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. आमच्या गावच्या मराठीत. "आमच्या मोहल्ल्यात पुरुष होते कुठे? सगळे इकडेच. घरात कोंबडी कापायची झाली तर अम्मी दारात कोंबडी धरून उभी राहायची, कुणी बाप्या जातोय का बघत. एकदा तासभर उभी होती. मी मौलवीसाहेबांना विचारलं, बाईने कापलेली चालते का? ते म्हणाले चालते. मग मीच कापायला लागले. नंतर सगळा मोहल्ला माझ्याकडेच आणायचा."

तिने हे काही टोचून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मला मात्र फार लागलं. कोंबडी हातात धरून रस्त्याकडे बघणारी मैमुना माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शेकोटीवर ससा भाजला जात होता. सांगायचं ते आता सांगायलाच हवं होतं. पण ज्या पोरीने घर चालवलं, तिला "तुझं तिकीट काढलंय, शनिवारी निघ" असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी विचारलं.

"झीनत, लढाई होणार असं दिसतंय. अम्मी म्हणते तू गावी यावंस. मी तिकीट काढून ठेवलंय. पण तू सांग. जायचं की राहायचं?"

खरं सांगू? सकाळी घर सोडताना मला भीती होती की ती नाही म्हणेल. शेकोटीपाशी मला वाटत होतं, तिने नाही म्हणावं. हट्ट करावा, रडावं, अब्बा मी तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणावं. मी तिकीट तिथल्या तिथे आगीत टाकलं असतं.

तिने काठीने एक निखारा आत सारला. मग म्हणाली, "जाते."

"भीती वाटते?"

"मला नाही. तुम्हाला. मी इथे असले तर तुम्ही दिवसभर माझ्यासाठी घाबरत बसाल. आज सशाला धरून बसला होतात ना, तसे."

अबू फहदने भाजलेल्या सशाची मांडी तिच्या पानात घातली. माझ्या वाट्याला पुढचा पाय आला. तो मी चावत बसलो, चव काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना हुफूफच्या जुन्या बाजारात थांबलो. मैमुनासाठी खजूर घेतले, मनसोक्त घासाघीस केली. वाटेत झीनतने मला बूट काढायला लावले, तुमचे पाय सुजलेत म्हणाली. त्या आठवड्यात ती गेली. विमानतळावर तिने मला डाळ शिजवताना पाणी किती घालायचं ते दोनदा बजावलं.

आफ्रिका झाली नाही. लढाईनंतर अबू फहदला गुडघ्यांनी सतावलं आणि त्याने शिकार सोडली, झीनत पुढे शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. आता तिची मुलं मला विचारतात की तुम्ही खरंच सिंह मारायला निघाला होता का. मी सांगतो, सिंह बाद होता, झेब्रा पास होता. मुलाला घेऊन कुठेही निघणार असाल तर माझा सल्ला एवढाच, आपण मुलाला काय काय दाखवणार याचे बेत जरूर करा, पण त्याने आपल्याला काही दाखवलं तर बघायला थोडी जागा ठेवा.

झीनत गेली त्यानंतरच्या जानेवारीत रियाधवर इराकचं पहिलं क्षेपणास्त्र आलं, भोंगा वाजला, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या त्या फ्लॅटमध्ये मी न्हाणीघरात जाऊन बसलो, विषारी वायू आत येऊ नये म्हणून दारातल्या फटीत ओला टॉवेल कोंबून. खूप घाबरलो, हे कबूल. पण बाजूच्या खोलीत कुणी नव्हतं, कुणाला हाक मारायची नव्हती, कुणाच्या अंगावर पांघरूण घालायचं नव्हतं. मी फक्त माझ्यापुरता घाबरलो होतो, आणि तेवढं मला झेपलं.