मॅडिगनच्या ओढ्यातली पेरणी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०१४. लूर्दच्या मातेचा सण. चर्चमध्ये सातची मिसा. सकाळी धुकं, नंतर लख्ख ऊन. टूरची बस भरलेली, शिवाय कंपनीचे मिस्टर लिजेट. ओढ्यावर घोटाळा झाला. हॉटेलात जेवायला उशीर. चावऱ्या सँडफ्लाय माश्या फार.

बर्नाडेट काइलीच्या डायरीत त्या दिवसाच्या टूरबद्दल इतकंच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी तिला शिकवलं होतं की आधी तारीख, मग मिसा, मग हवामान आणि मग जे घडलं ते. मनात काय आलं ते देवाला सांगावं, कागदाला नाही. त्यामुळे घोटाळ्याची खरी हकीकत ऐकायची तर ती आम्हा ब्रोगन्स फ्लॅट गावच्या लोकांकडूनच ऐकायला हवी.

बर्नाडेटचा, म्हणजे आमच्या बर्नीचा जन्म इथला, शाळा इथली, नवराही इथलाच. तिचा कॉन नदीतून सोनं उपसणाऱ्या बोटीवर कामाला होता. तो गेल्यावर ती बरेच दिवस घरात बसून होती. एक दिवस टूरच्या बसचा ड्रायव्हर रावीरी तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"आंटी, आमची गाईड लग्न करून ऑकलंडला गेली. तुला गावातल्या सगळ्यांची लफडी माहीत आहेत. चल माझ्याबरोबर."

"मला मेलेल्यांची माहीत आहेत."

"मग झालं तर. पाहुण्यांना मेलेलेच हवे असतात."

तेव्हापासून मंगळवार बर्नीचा झाला. लोकरी टोपी घालून ती बसमध्ये पुढे उभी राहायची. सोन्याच्या बातमीने इथे माणसं कशी लोटली, चर्चच्या आधी गुत्ते कसे उभे राहिले, कोण कोणाची बायको आणि कोणाचं खेचर घेऊन पळालं, हे सगळं ती असं सांगायची की जणू कालच पलीकडच्या गल्लीत घडलंय. खेचराचा मालक जास्त रडला, असंही सांगायची.

टूरचा शेवट मॅडिगनच्या ओढ्यावर. तिथे क्लेम हार्गेस्टची हद्द, म्हणजे सोनं काढायच्या हक्काची जागा. क्लेम बर्नीबरोबरच शाळेत होता, आणि अजूनही तिला वर्गात चिडवायचा तसाच चिडवतो. तो पाहुण्यांच्या हातात सोनं धुवायच्या पराती देतो, काठावरची रेव त्यात घालायला सांगतो आणि पाण्यात गोल गोल हलवायला शिकवतो. रेव वाहून जाते आणि तळाशी सोन्याचा एखादा कण चमकतो. तो कण इवल्याशा काचेच्या कुपीत घालून पाहुणा खुशीत घरी जातो.

आता, मॅडिगनच्या ओढ्यातलं सोनं आमच्या आजोबांच्या वेळीच संपलंय. क्लेम पहाटे उठतो आणि रेवेत थोडं सोनं पेरतो. पूर्वी लबाड लोक पोकळ खाणी विकायला असं पेरायचे आणि तुरुंगात जायचे. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पेरतात. बर्नीला आधी ते मनाला लागलं होतं. तिने पापनिवेदनात फादरना सांगितलं. फादर म्हणाले, "सोनं खरं असतं ना?" ती म्हणाली, "खरं असतं." "मग याला दान म्हणतात. पुढचं पाप सांग."

एकच नियम होता. पेरणीबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, आपसातसुद्धा नाही. बोललं की सोनं रुसतं, असं खाणीवाले म्हणायचे, आणि आम्ही ते अजून पाळतो.

घोटाळ्याच्या आदल्या मंगळवारी क्लेम पेरायला विसरला. पाहुण्यांनी तासभर चिखल ढवळला आणि हिरमुसल्या तोंडाने बसमध्ये चढले. तक्रार थेट क्राइस्टचर्चला कंपनीत गेली. तिथे आधीच बेत शिजत होता की गाईडऐवजी पाहुण्यांच्या कानात यंत्र लावायचं आणि कुठल्याशा नटाच्या आवाजात माहिती द्यायची. म्हणून या मंगळवारी मिस्टर लिजेट आले. सुटाबुटात, बरोबर यंत्रांचं खोकं.

"मिसेस काइली, स्पष्टच सांगतो," ते म्हणाले. "यंत्रात नाही असं तुमच्या टूरमध्ये काय आहे ते बघायला आलोय. नसेल, तर पुढच्या महिन्यापासून यंत्र."

"खिडकीजवळ बसा," बर्नी म्हणाली. "तिथून दिसतं."

वरून ती शांत होती. मंगळवार गेला की आठवड्याचा प्रत्येक दिवस रविवारच्या दुपारसारखा जाणार, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून एकच काळजी: क्लेम आजही विसरला तर? विचारायची तर सोय नाही. म्हणून मिसा आटोपल्यावर तिने फडताळातून कॉनची जुनी कुपी काढली आणि चिमूटभर सोनं रुमालात बांधून घेतलं. ओढ्यावर पोचल्यावर पाहुणे टोप्या सावरत होते तेवढ्यात तिने हळूच रुमाल रेवेवर झटकला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

पहिली परात एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांची. त्यात कण नव्हे, पिवळी रेघच दिसली. शेजारच्या बाईच्या परातीत तशीच. मग तिच्या बहिणीच्या. मग सगळे एकदम पाण्यात उतरले.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा मांडी घालून रेवेत बसले. डॉक्टरांनी काठीने रेघ मारून स्वतःची हद्द आखली.

"इकडे माझी पर्स आहे. म्हणजे ही माझी जागा," बाई म्हणाल्या.

"पर्स आत्ता ठेवलीत. मी बघितलं."

"तुम्ही परातीत बघा. माझ्या पर्सकडे काय बघताय?"

कुणाचं तरी सँडविच एक वेका पळवून घेऊन गेला. एरवी त्या पक्ष्याचे फोटो काढायला झुंबड उडते. आज कोणी मान वळवली नाही.

लिजेट काठावर घड्याळ बघत उभे होते. डॉक्टरांनी त्यांच्या हातात परात दिली, "जरा धरा" म्हणून. त्यांनी धरली, मग जरा हलवली. मग बर्नीने पाहिलं, की सूटवाल्या साहेबांचे बूट मोजे काठावर आहेत आणि साहेब ओढ्यात.

"आंटी," रावीरी कानाशी येऊन म्हणाला, "हॉटेलात ऑम्लेटं गार होतायत. यांना बाहेर कसं काढायचं?"

"ज्याने त्यांना आत घातलं त्याने काढावं," बर्नी म्हणाली, आणि स्वतःच्याच मनाला ते टोचलं.

तेवढ्यात लिजेट निथळत वर आले. चेहरा लहान मुलासारखा फुललेला. "मिसेस काइली, या ओढ्यात काय आहे हे तुम्हा लोकांना कळलेलंच नाही. टूर विसरा. कंपनीने ही हद्दच घ्यायला हवी. मी आजच फोन करतो."

गप्प राहिली असती तर मंगळवार वाचला असता. पण माणूस खोट्या खाणीवर पैसे लावायला निघाला होता, आणि याला फादरसुद्धा दान म्हणाले नसते.

"फोन करू नका," ती म्हणाली. "ते सोनं ओढ्याचं नाही. मी पेरलंय."

रावीरीने टोपी काढली. "आंटी, मीपण पेरलं. बस लावताना."

"मग मी काय झोपा काढत होतो?" क्लेम मागून म्हणाला. "गेल्या वेळची भरपाई म्हणून पहाटेच दुप्पट टाकलंय. बर्नी, तुझा माझ्यावर शाळेपासून विश्वास नाही."

"शाळेत तू माझं दप्तर ओढ्यात टाकलं होतंस."

लिजेट तिघांकडे बघत राहिले. पँटमधून पाणी गळत होतं. "का पण?"

"पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर गावाला लाज," बर्नी म्हणाली.

त्यांनी आपली कुपी उन्हात धरली. "म्हणजे हे तुमचं."

"माझ्या नवऱ्याचं असेल. किंवा यांचं. आता कसं ओळखणार?"

"परत घ्या."

"छे. दिलेलं परत घ्यायची रीत नाही इथे."

लिजेटनी कुपीतले कण एकदा हलवून पाहिले. मग हसायला लागले, आधी नाकातून, मग पोट धरून, इतके की रेवेत बसलेले आजोबासुद्धा वळून बघायला लागले. कुपी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि अनवाणीच ओढ्याकडे जाऊन ओरडले, "मंडळी, कंपनीचा हुकूम आहे, जेवायला चला." सगळे कुरकुरत बाहेर आले.

बसच्या पायरीवर ते बर्नीला म्हणाले, "यंत्रांचं खोकं परत नेतोय. मंगळवार तुमचा. आणि पुढच्या मंगळवारी मी आईला घेऊन येणार आहे. एक अट मात्र आहे."

"सांगा."

"तिघांपैकी एकानेच पेरायचं. मला जेवण गरम लागतं."

"म्हणजे कोणी पेरायचं ते आधी ठरवायला हवं," रावीरी म्हणाला.

"ठरवायचं तर बोलावं लागेल," क्लेम म्हणाला. "आणि बोलायचं नाही असा नियम आहे."

गार ऑम्लेटं खाताना तिघे त्यावर भांडत होते, आणि लिजेट साहेब हॉटेलवाल्याच्या चपला घालून मध्येच सल्ले देत होते. निकाल काही लागला नाही. येत्या मंगळवारी तिघेही पेरतील, अशी गावात पैज लागली आहे.

त्या संध्याकाळी बर्नीने घोटाळ्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली: प्लमचा जॅम घट्ट झाला नाही, उद्या पुन्हा उकळायचा.