दगडाची वरची बाजू

माझे अप्पा हुबळीत फरशी पॉलिश करतात. तरुणपणी ते लोकापूरकडच्या चुनखडीच्या खाणीत दगड काढायला होते. दगडावरून त्यांच्याशी वाद घालणारे मी पुष्कळ पाहिले, जिंकलेला एकच. तो वकील होता.

त्याचं नवं घर हुबळीतच लॅमिंग्टन रोडच्या मागं होतं. मी तेव्हा आठवीत होते आणि सुट्टीत अप्पांचा डबा घेऊन गेले होते. अप्पांनी मशीन बंद केलं, फरशीवरचा राडा पाण्यानं धुतला, आणि करड्या दगडात एकात एक वर्तुळं उमटली, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी. अप्पांना कोण आनंद! त्यांनी मालकाला हाक मारली, "साहेब, या की! दगडात कायतरी वाढलंय बघा." वकिलाला डाग दिसले. त्यानं तसल्या सगळ्या फरश्या उखडायला लावल्या.

त्यांतली एक अप्पांनी घरी आणून न्हाणीच्या दाराशी बसवली. पण त्या दिवसापासून दगड कुणाला दाखवणं त्यांनी सोडलं. जेवताना खाणीच्या गोष्टी रंगवून सांगणारा माणूस खाली मान घालून जेवू लागला. त्या वकिलाचा मला अजून राग आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढं मी धारवाडला भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेले. एके दिवशी सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं, तर आमच्या न्हाणीची फरशी! शंभर कोटी वर्षांहून जुना उथळ समुद्र, त्याच्या तळाशी सूक्ष्मजीवांचा चिकट थर, त्यावर बसलेला गाळ, गाळावर पुन्हा नवा थर. मासा नव्हता, शंख नव्हता, तेव्हाचे हे जीवाश्म. मी ताडकन उभी राहिले. "सर, हे आमच्या न्हाणीपाशी आहे. आणि याला वरची बाजू असते, असं आमचे अप्पा म्हणायचे."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "वरची बाजू कळली नाही, तर सुटा दगड वाचायचा कसा?" ते म्हणाले. "घेऊन या अप्पांना."

अप्पा कसले येतायत! "एकदा बोललो, तेवढं बास." मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी बसस्टॉपवर हजर.

सरांनी टेबलावर चार दगड मांडले होते. आम्हीच सहलीत खाणीतून आणलेले. प्रत्येकावर वरची बाजू दाखवणारा बाण होता आणि त्यावर आता चिकटपट्टी लावली होती. मीच हट्टानं आणलं होतं त्यांना. इथं ते चुकले असते, तर अप्पांनी जन्मात पुन्हा दगडाचं नाव काढलं नसतं.

अप्पांनी पाणी मागितलं. पहिला दगड ओला केला तशा त्याच्या कापलेल्या बाजूवर रेषा उठल्या, पालथ्या वाट्या एकावर एक रचाव्यात तशा. "फुगवटा वर," अप्पा कानडीत म्हणाले. "जे वाढतं ते उजेडाकडं वाढतं. खाली कशाला जाईल?" सरांनी पट्टी काढली. बरोबर. दुसरा, बरोबर. तिसऱ्याची पट्टी निघाली आणि बाण उलटा निघाला. मागून कोणीतरी "अरेरे" केलं.

मी मनात म्हणत होते, अप्पा, चुकलं म्हणा आणि सोडून द्या. अप्पांनी दगडावर पुन्हा पाणी ओतलं, अंगठा फिरवला, आणि सरांकडं बघून शांतपणे म्हणाले, "बाण चुकलाय."

सरांनी मोबाईल काढला. दगड सुटा करण्याआधी खाणीच्या भिंतीतच आम्ही प्रत्येकाचा नंबर घालून फोटो घेतला होता. सर तो फोटो बराच वेळ मोठा करून बघत राहिले. मग मोबाईल वर्गाकडं वळवला. फुगवटा वरच होता! दगड खाली उतरवल्यावर कोणीतरी बाण उलटा काढला होता.

"बाण कोणी काढले होते?" सरांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

हसण्याचा असा कल्लोळ झाला की शेजारच्या वर्गातले डोकावले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते. बरोबर असतानाही एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. सरांनी माझा बाण खोडला आणि मार्कर अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी चांगला ठसठशीत बाण काढला. चौथा दगड कोणी विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकला. मग तासभर ते खाणीबद्दल बोलत होते आणि माझ्याबरोबरची मुलं वह्यांत लिहून घेत होती.

परतीच्या बसमध्ये अप्पांच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. वाटेतलं नवलूर यायच्या आत अप्पांनी त्यांना सांगून टाकलं होतं की आपल्याकडं एके काळी समुद्र होता. हुबळीजवळच्या उणकलपर्यंत त्या समुद्रात काय काय वाढायचं ते हातानं दाखवून झालं. मी मागच्या सीटवर डोळे पुसत ऐकत होते.

"नीवु मास्तर एन्री?" उतरताना त्या गृहस्थांनी विचारलं. तुम्ही मास्तर का?

"नाही हो," अप्पा म्हणाले. "फरशी पॉलिश करतो. आज शिकवून आलो."