त्या हातचं पाणी

बालाघाटला आमच्या घरी रविवारी दुपारी वडील ख्रिस्ती मंडळीचा जुना इतिहास शिकवायचे, आणि छडीनं शिकवायचे. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत बादशहाच्या शिपायांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मागितलं, तेव्हा काही धर्मगुरूंनी भिऊन ते जाळायला दिलं. पुढे एक कडवा पंथ म्हणू लागला, असल्या हातचा बाप्तिस्मा फुकट, पुन्हा घ्या. मंडळीनं त्या पंथाला पाखंडी ठरवलं. हात कसलाही असो, बाप्तिस्मा प्रभूचा. या वाक्यात अडखळलं की माझ्या तळहातावर वळ उठायचे.

साठच्या दशकात, मी मॅट्रिकला असताना, कटंगीकडच्या आमच्या मंडळीच्या म्हाताऱ्या प्रचारकाला धर्मांतराच्या रागातून गावानं घेरलं. त्यानं घाबरून बायबल काढून दिलं आणि ते त्याच्याच अंगणात जळलं. त्यानंतर त्यानं एकाच पोराला बाप्तिस्मा दिला, एका विधवेच्या, तापानं फणफणलेल्या. दुसरं कोणी तिच्या गावी जायला तयार नव्हतं.

पोर वाचलं नाही. मेलेलं मूल कंडक्टर बसमध्ये घेणार नाही, म्हणून तिनं ते पदराखाली धरून, मधूनमधून थोपटत बालाघाटपर्यंत आणलं. नवरा आमच्या कबरस्तानात होता. पोराला बापाजवळ ठेवा, एवढंच तिचं म्हणणं.

मंडळीचे पंच म्हणाले, त्या माणसाच्या हातचा बाप्तिस्मा धरायचा नाही, आणि बाप्तिस्म्याशिवाय कबरस्तानात जागा मिळणार नाही. मग सगळ्यांनी जुना इतिहास जाणणाऱ्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, करायचं की नाही, हे याच पंचांच्या हातात होतं.

वडिलांनी घसा खाकरला. "जुन्या काळी पुष्कळ मंडळ्यांनी असला बाप्तिस्मा मानला नाही," ते म्हणाले. खोटं नव्हतं. त्या मंडळ्या पाखंडी ठरल्या, एवढं मात्र त्यांनी गिळलं.

मला राहवलं नाही. "तुमीच तं शिकवलं बाबा, बाप्तिस्मा प्रभूचा असते म्हून."

त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारली. ते जाऊन वर्षं झाली, तरी मला त्यांची चीड येते.

विधवा भांडली नाही. ती कबरस्तानाच्या भिंतीबाहेर गेली, आत नवऱ्याची कबर कुठे येते त्याचा अंदाज घेतला आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. "इथंच खणा ना जी. मंधात भिंत राहीन, पण बापाजवळ तं राहीन."

खणणाऱ्यानं कुदळ उचललीही होती. वडील पुढे झाले.

"पाया खचन, बाई," ते म्हणाले. "जरासं लांब घ्या."