तिकडचं पाणी

एसटी सुटता सुटता आईने खिडकीतून बाटली आत ढकलली. आमच्या अंगणातल्या बोअरचं पाणी, काठोकाठ भरलेलं. "दोन-चार दिस हेच पेजो वं," ती खालून ओरडली, "तिकडचं पाणी लागते." तिकडचं म्हणजे नागपूरचं. झाकण सैल होतं, त्यामुळे सीताबर्डीला उतरेपर्यंत माझे निम्मे कपडे ओले झाले होते. उरलेलं पाणी मी खोलीवरच्या माठात थोडं थोडं मिसळून पुरवून प्यायले. हसू नका. गाव सोडताना तुम्हीही असलं काहीतरी सोबत आणलंच असेल.

आता मी मेट्रोने फिरते, ऑटोवाल्याशी हिंदीत हुज्जत घालते आणि एका छोट्या लॅबमध्ये पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या बनवते. पट्टीवर हिरवं रसायन असतं, आणि पाण्यात शिसं असलं की ते गुलाबी होतं. आई गावभर सांगत फिरायची, "माही पोरगी पाण्याची परीक्षा घेते." पाणी नापास झालं तर काय करायचं, हे तिला अजून कोणी विचारलेलं नव्हतं.

आमच्या गावामागे वीजकेंद्राच्या राखेचं तळं आहे. लहानपणी आम्ही त्याच्या काठावर खेळून पाय राखाडी करून घरी यायचो आणि मार खायचो. त्या राखेतून शिसं जमिनीत झिरपू शकतं, त्याला चव नसते, पाणी उकळूनही ते जात नाही आणि पोटातल्या बाळाला ते सगळ्यात जास्त बाधतं, हे मला लॅबमध्ये आल्यावर कळलं. त्यात वहिनीला दिवस गेले. मी घाबरले. आईला फोन करून घरच्या पाण्याची बाटली मागवली. दादा कामासाठी नागपूरला आला तेव्हा घेऊन आला. पट्टी बुडवली, बराच वेळ बघत बसले, पण ती हिरवीच राहिली. त्या दिवशी मी लॅबमधल्या सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले आणि घरी कळवलं, बिनधास्त प्या.

डोहाळजेवणाला गावी गेले. वहिनी हिरव्या साडीत, हातभर हिरव्या बांगड्या, फुलांच्या वाडीने नटलेली. बायका तिला चिडवत होत्या. स्वयंपाकघरात पाण्याची एक विकतची कॅन दिसली म्हणून मी सहज विचारलं, ही कधीपासून?

"तुह्या हापिसात पाणी पाठवाले आनली व्हती," आई पुऱ्या तळता तळता म्हणाली. "आपल्या बोअरचं पाणी गढूळ दिसते. तुह्या सायबापुढं तसं कसं ठेवाव? लाज नाही का वाटत मानसाले?"

आधी मला हसूच आलं. माझी आई, दुसरं काय करणार? मग लक्षात आलं, लॅबमध्ये मी तपासलं ते या कॅनमधलं पाणी होतं. पर्समध्ये पट्ट्या होत्याच. माठातलं बोअरचं पाणी वाटीत घेतलं आणि एक पट्टी बुडवली. कडेपासून रंग चढत गेला, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

"किती सुंदर रंग आला वं!" आई म्हणाली.

दारात वहिनी उभी होती, हातात पाण्याचा पेला. तिने रंगाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

पुढे मोठ्या यंत्रावर तपासलं, तिथेही तेच निघालं. दादाने बोअरची मोटर काढून ठेवली. वहिनीच्या रक्तातही शिसं सापडलं. डॉक्टर म्हणतात, आता चांगलं पाणी द्या, बाळ झाल्यावर बघू. बाळ अजून व्हायचं आहे. राखेच्या तळ्याचं काय, ते कुणीच सांगत नाही. आई फोनवर आता काय जेवले ते विचारत नाही, नातेवाइकांच्या बातम्या सांगत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, "जास्त पाणी पे, जास्त पाणी पे, म्हून मीच तिच्या मांगं लागत व्हती नं वं." मला तिचा राग येतो, आणि राग आला म्हणून रडू येतं.

मागच्या खेपेला नागपूरहून कॅन घेऊन गेले. ज्या घरात न विचारता माठात पेला बुडवायचा, त्या घरी मी पाणी घेऊन गेले. परत निघताना आई एसटीपर्यंत आली. सवयीने तिने पिशवीत हात घातला आणि बाटली काढली. घासून लख्ख केलेली, रिकामी. खिडकीतून ती माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिकडंच भरून घेजो," ती म्हणाली. "तिकडचं पाणी चांगलं हाये."

बाटली माझ्या खोलीत माठाजवळ ठेवली आहे. मी अजून भरलेली नाही.