सुमनच्या कानाचं मशीन

आधीच सांगून टाकतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचतो. पिंपळाखाली पांढरी साडी, मागे वळून बघायचं नाही वगैरे... वाचायचं, हसायचं, सोडून द्यायचं. माझा उभा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेला. मल्टिमीटरवर आकडा आला तर करंट आहे, नाही आला तर नाही, विषय संपला. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

हरिहरेश्वरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत माझं दुकान, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात माड. दुरुस्तीला मिक्सर, टीव्ही, होड्यांवरचे वायरलेस सेट, सीझनला लॉजवाल्यांचे गीझर. माझी बायको सुमन. तिला तरुणपणीच कमी ऐकू यायला लागलं. कानाचं मशीन घेतलं, पण वारा, पंखा, फोडणी सगळंच त्यात मोठं व्हायचं आणि माझा आवाज त्यात बुडून जायचा. वैतागून ती मशीन काढून डब्यात ठेवायची.

मग मी एक उद्योग केला. त्या मशीनला 'टी' नावाचा एक खटका असतो. तो टाकला की मशीनचा माइक बंद होतो आणि आतली बारीक कॉइल चालू होते. ही कॉइल आवाज ऐकतच नाही, तिला फक्त चुंबकीय क्षेत्र कळतं. तारेतून करंट वाहिला की तारेभोवती असं क्षेत्र तयार होतं, करंट कमीजास्त झाला की तेही कमीजास्त होतं. मी मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतींतून तारेचं मोठं वेटोळं फिरवलं, वरून गिलावा केला आणि टोकं जोडली दुकानातल्या अॅम्प्लिफायरला. मी टेबलावरच्या माइकमध्ये हळूच बोललो की थेट सुमनच्या कानात. वारा नाही, पंखा नाही. शेजारी बसलेल्या माणसाला पत्ताही लागायचा नाही.

पहिल्या खेपेला गाढवपणा केला होता. तार लाईटच्या वायरिंगला चिकटून नेली, मग काय, त्या वायरिंगचं क्षेत्र माझ्या तारेत शिरलं. "अहो, तुमच्या आवाजात पिठाची गिरण चालू आहे," म्हणाली. पुन्हा भिंत फोडली, पुन्हा तिची बोलणी खाल्ली.

तिच्या बाजूला माइक नव्हता. ती पळीने कढईवर टोला द्यायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "चहा मिळेल का?" टण. "हे गृहस्थ जेवायला थांबलेत तर चालेल?" टण टण. त्या गृहस्थांना वाटायचं, आत बाई भांडी आवरतेय! यावरून आम्ही किती हसलोय ते आमचं आम्हाला ठाऊक.

गेल्या वर्षी सुमन गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि श्रीवर्धनला पोचेपर्यंत संपलं. त्यानंतर घरात जे झालं त्याला मी शांतता म्हणणार नाही, शांतता बरी असते. गिऱ्हाईक आलं तर "काय बिघडलंय?" आणि "उद्या या", दिवसभरात एवढंच बोलणं. कधीकधी तेही नाही.

मुलगी वृषाली पनवेलला असते. "बाबा, इकडे या आता. एकटे काय करता तिथे?" मी हो म्हटलं. घर पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एकाला द्यायचं ठरलं. रविवारी ती टेम्पो घेऊन येणार होती. पण खरं सांगू? मला जायचं नव्हतं. कुणीतरी "जाऊ नका" म्हणावं, एवढीच वाट बघत होतो. पण म्हणणार कोण?

शुक्रवारी दुपारी भिंतीतली तार काढायला घेतली. त्या वेटोळ्याच्या आत परक्या माणसांनी राहावं हे मला सहन होईना. गिलाव्याखाली तार नेमकी कुठून गेलीय ते आठवत नव्हतं. उपाय सोपा — अॅम्प्लिफायरमधून एक सूर सोडायचा आणि कॉइल घेऊन भिंतीलगत फिरायचं. तार जवळ आली की सूर मोठा होतो. आणि कॉइल म्हणजे सुमनचं मशीन. नवा सेल घातला, खटका 'टी'वर टाकला आणि कानात बसवलं. साचा तिच्या कानाचा, मला टोचत होता. ती दिवसभर काय घालून वावरायची ते तेव्हा कळलं.

खडूने खुणा करत स्वयंपाकघरापर्यंत आलो आणि लाईट गेली. सूर बंद. कानात नुसती बारीक खरखर. मी सवयीने बोलून गेलो, "अगं, लाईट गेली बघ."

टण.

फक्त मशीनच्या कानात. मग डोकं चालू झालं. फ्रिज? लाईटच नव्हती. इन्व्हर्टर? आमच्याकडे नाही. मोबाइल जवळ असला की ही कॉइल टरटरते, म्हणून मोबाइल परसात ठेवून आलो. अॅम्प्लिफायरच्या तारा सोडवल्या. खटका पुन्हा बघितला, 'टी'वरच होता. शेवटी अॅल्युमिनियमची ती कढई काढली आणि स्वतः पळी आपटली. उघड्या कानाला टोला ऐकू आला, मशीनच्या कानातली खरखर तशीच. बरोबरच आहे, टोल्याला कुठलं आलंय चुंबकीय क्षेत्र? पण मघाशी नेमकं उलटं झालं होतं. उघड्या कानाला काही नाही, मशीनच्या कानाला टोला.

तेवढ्यात शेजारच्या जनीवहिनी सुका जवळा घेऊन आल्या.

"भाऊ, हाय का घरात? पोरीला द्या ह्यो."

मी मशीन पुसून त्यांच्या कानाला लावलं. म्हटलं, जरा ऐका.

"काय न्हाय. नुसता खरखरतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बरा झाला भाऊ, चाललाव ते. वयनी गेल्यापास्ना तुमी सुकत चाललाव. एकल्या मानसाचा काय खरा न्हाय."

त्या गेल्यावर मशीन पुन्हा कानात घातलं. स्वयंपाकघरात पाटावर बसलो.

"जनीवहिनींनी जवळा दिलाय. वृषालीला आवडेल ना?"

टण.

"तुला अजून दुखतं का गं?"

टण टण.

मी रडलो. लपवण्यासारखं काय त्यात, बघायला होतं कोण? मग तो प्रश्न विचारायचं ठरवलं. मनात म्हणत होतो, दोन दे. दोन टोले दे फक्त, वृषालीला आत्ता फोन लावतो, सांगतो टेम्पो आणू नकोस म्हणून.

"सुमन, जाऊ का मी—"

टण.

'पनवेलला' म्हणायचंच राहिलं होतं. मी दुसऱ्या टोल्याची वाट बघत बसलो. लाईट आली, फ्रिज धडधडला, कानात घूं सुरू झालं. दुसरा टोला आला नाही. शनिवारी मुद्दाम मेन स्विच पाडून बसलो. खरखर, बस्स.

आता पनवेलहून लिहितोय. नात शाळेतून आली की माझ्याशी बोलते, जावई भला आहे, तक्रार नाही. तार भिंतीतच ठेवून आलो. मशीन उघडून बघितलं, कॉइल ठीक, सेलची पट्टी घट्ट, सांधे साबूत. सैल सांधा फार तर कडकड करेल, प्रश्नाला उत्तर देणार नाही. एका जुन्या दोस्ताला सांगितलं, तो म्हणाला मनाचे खेळ. असतील. पण मनाचे खेळ असते, तर माझ्या मनाने दोन टोले दिले असते ना?

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मला भीती कधीच वाटली नाही. राग मात्र येतो, अजून येतो. तिला माहीत होतं मला जायचं नाही. नाही म्हणू नको, ठीक आहे, पण माणूस जरा थांबतो, विचार करतो. माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीस... एवढी कसली घाई होती गं तुला?