बाईंची बारा कार्डं

क्रिप्टोचा भाव पडल्याची बातमी टीव्हीवर आली, की आमच्या बाई इस्त्रीची साडी नेसून सोसायटीच्या बाकावर येऊन बसत. एरवी संध्याकाळी सहाच्या आधी त्या खाली उतरत नसत. त्या दिवशी मात्र सकाळी दहालाच हजर. कारण विचारलं तर म्हणत, "सगळ्यांना मला विचारायचं असतं. एकेकाने लिफ्टने वर यायचं, बेल वाजवायची, चहाला नको म्हणायचं. त्यापेक्षा मीच आले." आणि खरोखरच एकेक जण येई. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त अधिकारी चेहरा पाडून विचारत, "काय बाई, बुडाले ना पैसे?" बाई चष्मा पुसत म्हणत, "बुडाले नाहीत हो, कमी झालेत. तुमच्या फ्लॅटचा भाव मी रोज सकाळी विचारते का?" त्यानंतर अधिकारी टँकरच्या पाण्याबद्दल बोलू लागत.

बाई म्हणजे आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. पेठेतल्या त्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं काढली. पुढे मी हडपसरला आयटीत लागले, जवळच्या मांजरी भागात भाड्याने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये बाई भेटल्या. यजमान गेल्यावर शहरातली जागा विकून त्या इथे एकट्या राहत होत्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तू ती. पुस्तकाची पानं दुमडणारी." दहा वर्षं झाली होती त्याला. मी अशी ओशाळले की सांगता सोय नाही. पण का कोण जाणे, शनिवारचं माझं दुपारचं जेवण त्या आठवड्यापासून त्यांच्याकडेच ठरून गेलं.

बाईंना क्रिप्टोच्या नादाला मी लावलं, असं त्यांचा मुलगा मिलिंद आजही म्हणतो. साफ खोटं. मी घेतलंय एवढंच जेवताना बोलले होते. बाईंनी विचारलं, "यावर वाचायला काय आहे?" आणि चार महिने वाचत बसल्या. मी मात्र कुणाचा तरी व्हिडिओ बघून एका दुपारीत घेऊन मोकळी झाले होते. घेण्याआधी बाईंनी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. का घेतेय, किती गेले तरी दूध आणि औषधं बंद पडणार नाहीत, आणि कोणत्या कारणाने विकेन. भाव त्या आठवड्यातून एकदा बघत, शनिवारी, हात धुतल्यावर. मी भात कालवता कालवता दहादा मोबाइल उचलायचे. एकदा त्यांनी तो सरळ उचलून फ्रिजवर ठेवला. "तू बघतेस म्हणून तो पडायचा थांबणार आहे का?"

मग एका आठवड्यात भाव असा काही कोसळला की माझी झोपच उडाली. मी जवळजवळ रडवेली होऊन बाईंकडे गेले आणि म्हणाले, "स्वस्तात मिळतंय बाई, पर्सनल लोन काढून आणखी घेते. माझ्या खरेदीचा सरासरी भाव खाली येईल." बाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जरूर घे. आणि भाव आणखी पडला की बँकेला सांग, मी धीर धरलाय, तुम्हीही धरा." मला इतका राग आला की मी न जेवताच परत आले. कर्जाचा अर्ज मोबाइलवर अर्धा भरलेला होता, तो तसाच राहिला. नंतर तीन महिने भाव खालीच होता. तो अर्ज पुरा केला असता तर माझं काय झालं असतं, हे आठवलं की आजही घाम फुटतो. बाईंचे आभार मात्र मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी तेही सुधारून परत दिले असते.

त्याच दिवसांत कुणा भामट्याचा बाईंना फोन आला. तुमचं नुकसान आम्ही भरून काढून देतो, फक्त तुमच्या पाकिटाचे ते बारा शब्द सांगा. हे बारा इंग्रजी शब्द म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या मोबाइलमधल्या पाकिटाची किल्ली. मोबाइल गेला तरी ते शब्द ठरलेल्या क्रमाने नव्या मोबाइलवर टाकले की पाकीट पुन्हा उघडतं. बाई त्याला म्हणाल्या, "आधी ओळखपत्र आणा, दोन फोटो आणा, अनामत रक्कम भरा. सभासद झालात की बघू." पलीकडच्याने फोन आपटला. बाईंना दिवसभर त्याचाच आनंद होता.

आणि आठ दिवसांत त्यांचा मोबाइल कपडे भिजवलेल्या बादलीत पडला. तो गेलाच. मी नवा आणून दिला. बाई शांतपणे कपाटातून एक बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. कॉलेजातून आणलेली ग्रंथसूचीची जुनी कार्डं, कोऱ्या बाजूवर सुरेख अक्षरात एकेक शब्द, अशी बारा कार्डं. पहिलं 'ए'वरून, दुसरं 'बी'वरून, मग दोन 'सी'वरून. मी बाराही उलटून पाहिली, आकडे कुठेच नव्हते.

"बाई, मोबाइलने शब्द याच क्रमाने दाखवले होते?"

"नाही गं. लिहून झाल्यावर लावून ठेवले."

"लावून म्हणजे?"

"लावून म्हणजे लावून. कार्डं काय अशीच टाकते का मी?"

तीस वर्षं ज्या हातांनी हजारो कार्डं खणांत वर्णानुक्रमे लावली, त्यांनी ही बाराही लावून टाकली होती. कुणीही साधा माणूस त्या शब्दांना एक ते बारा आकडे घालून मोकळा झाला असता. क्रम गेला म्हणजे काय गेलं हे मी समजावून सांगितलं, तेव्हा बाईंनी कार्डं न लावता तशीच डब्यात टाकली. कार्डं अशी टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वारज्याहून अख्खं पुणे ओलांडून मिलिंद आला, तो वैतागूनच. भाव पडल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, की ते विकून टाक आणि पेन्शन, बँक, विमा, सगळं माझ्याकडे दे. या वेळी तो मुखत्यारपत्राचा मसुदाच घेऊन आला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं, त्याला आईची काळजी होती. पण त्या कागदावर सही करून सगळे व्यवहार त्याच्या हाती दिले असते, तर बाईंना स्वतःच्या पैशांसाठी मुलाला विचारावं लागलं असतं. मी मनात म्हणत होते, बाई, कार्डांचं आत्ता बोलू नका. बाईंनी दारातच सांगितलं, "चप्पल काढायच्या आधी ऐक. शब्दांचा क्रम मी घालवलाय. चूक माझी."

मिलिंदने कागद टेबलावर ठेवला. "मग आई, आता तरी?"

"पुढच्या रविवारपर्यंत मला नाही सोडवता आलं, तर सही करेन. तोवर या कागदाला हात लावू नकोस."

बारा शब्दांचे क्रम सत्तेचाळीस कोटींच्या वर होतात. पण पहिला आणि शेवटचा शब्द बाईंना पक्का आठवत होता. उरलेले दहा, म्हणजे छत्तीस लाख क्रम. तो आठवडा मी ऑफिसातून आले की एक छोटा प्रोग्रॅम लिहीत बसले, एकेक क्रम लावून तो बाईंच्या पाकिटाच्या पत्त्याशी जुळतो का ते बघणारा. शनिवारी दुपारी, इंटरनेट काढून टाकलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो लावला. बाई शेजारी खुर्ची घेऊन ताठ बसल्या होत्या. तासाभरात क्रम सापडला. मी आनंदाने किंचाळलेच. बाई म्हणाल्या, "हळू." तेवढंच. पण नंतर उठून उभ्याउभ्याच दोन पेले पाणी प्यायल्या.

रविवारी मिलिंद आल्यावर बाईंनी त्याच्यासमोर पाकीट उघडून दाखवलं. भाव अजून तळातच होता. मग कपाटाचं दार उघडून त्यांनी कागदावरची तिसरी ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. "मला नीट सांभाळता येईनासं झालं, तर विकेन." आणि विकायला बसल्या.

"बाई, आत्ता नका ना! अगदी तळाला आहे," मी कळवळून म्हणाले.

"तळ तुला दिसतो?"

"आणि हा तोटा इन्कम टॅक्समध्ये दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वळताही करता येणार नाही."

"वाचलंय मी."

सगळी बटणं त्यांनी स्वतः दाबली. मिलिंदचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी माझंच बरोबर."

"तुझं नाही. तू भाव पडला म्हणून विक म्हणत होतास. भाव पडला तेव्हा मी बाकावर जाऊन बसले. मी विकलं ते माझ्या चुकीमुळे, मी लिहिलेल्या कारणाने." मग तो मसुदा त्यांनी त्याच्या हातात दिला. "याला कव्हर घालून ठेव. पुढे तुझ्या मुलांना लागेल."

भाव पुन्हा चढला तेव्हा मी न राहवून त्यांना सांगायला गेले. बाई म्हणाल्या, "मग? परत केलेलं पुस्तक पुढे कोण नेतं, ते मी बघत नसते." मी खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हळहळ शोधत होते, सापडली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. तीन दिवसांचं आजारपण, तेवढंच. महिन्याभराने मिलिंदने मला बाईंच्या घरी बोलावलं आणि त्यांच्या कपाटात सापडलेला एक जाड लिफाफा दाखवला. बँक, पेन्शन, विमा, सगळ्याची यादी, सगळीकडे वारस म्हणून त्याचं नाव, मोबाइलचा पिन, गॅसचा ग्राहक क्रमांकसुद्धा. वर बाईंच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "मिलिंदसाठी. आजपासून हे तुझं."

तो कागदांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हे सगळं तयार होतं गं. एक दिवस आधी दिलं असतं मला, तर काय बिघडलं असतं?"

"खूप बिघडलं असतं," मी म्हणाले.